हातभर पुढे

प्रिय व्हर्ना,

खुब्याचं दुखणं कसं आहे? काठी घेऊनच चाल, हट्ट करू नकोस. मी इथे भावाकडे मजेत आहे. बास मासे गळाला चांगले लागतायत. ओटिसची बायको रोज मक्याचा पाव करते. तुझ्या हाताची चव नाही, पण खातो.

सकाळी तळ्यावर धुकं असतं. बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांमधून बोट सरकते, तेव्हा ढगातून चाललोय असं वाटतं. मागच्या तुझ्या रिकाम्या खुर्चीशी मी दोनदा बोललोसुद्धा.

काल मात्र फजिती झाली. बोट पाण्यातून थेट ट्रकमागच्या ट्रेलरवर चढवायची होती आणि ट्रक चालवायला ओटिस होता. मी नेहमीसारखा ओरडलो, "गाडी अजिबात हलवू नकोस!" तो बिचारा दगडासारखा थांबला. बोट तीनदा तिरकी बसली.

"दादा, बोट चढवतोयस की खेचर?" ओटिस खिदळला. तळ्याकाठच्या उतारावरचे सगळे हसले.

शेवटी एक म्हातारी पुढे आली. "अहो, बोटीचं नाक आत आलं की ट्रक हातभर पुढे घ्यायचा, मग ती आपोआप सरळ बसते. एरवी तुमचा ट्रक कोण चालवतं?"

एरवी तू चालवतेस. तीस वर्षं मी ओरडतोय, गाडी हलवू नकोस. आणि तीस वर्षं तू गुपचूप हातभर हलवत आलीस.

लवकर बरी हो. यापुढे ओरडणार नाही, असं वचन मी देत नाही. मी ओरडलो तरी तू हलव.

तुझाच तिरका,
डेल्मर