हवा सुधारली की येतो

प्रिय अमर,

भिंतीवरची बुरशी यंदा गेली, हे आधी सांगते, कारण फोनवर तू सगळ्यात आधी तेच विचारतोस. नोव्हेंबरात इथे वेलचेरीत पावसाचं पाणी भरलं ते आपल्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. ओसरल्यावर मी बैठकीची भिंत घासून काढली, चुना लावला, कपाट हातभर पुढे ओढलं. पडदे उतरवले. तुझ्या आईंनी दिलेला गालिचा वॉचमनला देऊन टाकला. रागावू नकोस, त्यात होती तेवढी धूळ तुमच्या अख्ख्या सोलापुरात नसेल. संक्रांतीला तू येशील, त्याच्या आत घर तुला श्वास घेण्याजोगं करायचं, एवढं एकच मनात धरून मी राबत होते.

वरच्या मजल्यावरच्या विशालाक्षी मामी आठवतात ना, तंजावरच्या? त्यांचं जुनं मराठी ऐकून तुला हसू यायचं. त्यांनी निर्गुडीची फांदी आणून दिली होती, इकडे तमिळमध्ये तिला नोच्ची म्हणतात. बाल्कनीतल्या कुंडीत लावली, ती आता माझ्या खांद्याला लागते. पाला आणि हळद टाकून वाफारा घ्यायचा, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नेती करायची, सकाळी नाकात तिळाच्या तेलाचे दोन थेंब. सगळं आधी स्वतःवर करून पाहिलं, म्हणजे तुझ्या वेळी चुकायला नको. पहिल्याच दिवशी नेतीचं पाणी घशात गेलं आणि मी डोळे पांढरे करून मोरीत बसले. ते पाहायला तू हवा होतास. मिरीचं दूध तुला आवडणार नाही, तुळशीचा काढा तर नाहीच नाही. सगळ्याचा गुण येतो असं मी म्हणत नाही, पण उशा उन्हात टाकल्या की बरं वाटतं एवढं खरं. माझ्या सांगण्यावरून मामींनी जिन्यातला सांब्राणीचा धूपही बंद केला. त्यांचा देव बिचारा धुरावाचून दिवस काढतोय.

ती पहिली भोगी आठवते. आपल्याकडे भोगी म्हणजे तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. इथे प्रथेप्रमाणे पहाटेच गल्लीत जुन्या चटया पेटल्या आणि तू पलंगावर बसून श्वासासाठी धडपडत होतास. मी तुझी पाठ चोळत होते आणि मनातून फार घाबरले होते. डॉक्टरांच्या फवाऱ्याने उतार पडला, मग तूच म्हणालास, महिनाभर दादाकडे सोलापूरला राहतो, कोरडी हवा आहे, काम तिथूनही होईल, हवा सुधारली की येतो. मी हसत स्टेशनवर सोडायला आले. तुझा त्रास खरा होता. त्यावर मी तेव्हाही शंका घेतली नाही आणि आजही घेत नाही. पुढे उन्हाळ्यात धूळ होती, मग पावसाची ओल, मग मार्गळीतलं, इथल्या डिसेंबर-जानेवारीतलं, धुकं. माझी बदली होत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून मी इथेच एकेक उपाय शिकत राहिले. मामी पूर्वी दर आठवड्याला विचारायच्या, यजमान कधी येणार म्हणून. आता विचारत नाहीत, नुसती रसमची वाटी ठेवून जातात.

परवा तुझ्या ऑफिसातला मुरली आला होता. त्याच्या मुलीला तुझ्यासारखाच त्रास सुरू झालाय, पोरगी शिंकून शिंकून हैराण आहे. त्याला तुझं औषध हवं होतं. म्हणाला, अमर गेला आठवडाभर पेरुंगुडीच्या ऑफिसात आमच्यातच होता, ऐन धुक्यात. सगळे इथल्या कोवलमला समुद्रावर मासे खायला गेलो तिथेही आला आणि एकदाही शिंकला नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत ते मला सांगा. पेरुंगुडीहून आपलं घर शेअर ऑटोने किती जवळ आहे, ते मी तुला काय सांगू? त्याच आठवड्यात तुझा फोन आला होता आणि भिंत कोरडी झाली का असं तू विचारलं होतंस. मुरलीला मी काही कळू दिलं नाही. कुंडीतला सगळा पाला खुडून दिला, तुझ्यासाठी आणलेला नेतीचा नवा लोटा कागदात बांधून दिला, मुलीला डॉक्टरांनाही दाखव म्हटलं. तो मनापासून आभार मानून गेला, आणि मी त्या स्वच्छ, मोकळ्या घरात बसून खूप रडले. आता तुझ्यासाठी इथे करण्यासारखं काही उरलेलं नाही. पण फोनवर तू पुन्हा तेच विचारशील आणि तुझा आवाज ऐकून मी पुन्हा भिंतींबद्दल सांगत बसेन, म्हणून लिहून टाकते. हवा सुधारली आहे, अमर. आता विचारू नकोस.

अजून तरी तुझीच,
विद्युलता