तोच प्रश्न दुसऱ्यांदा

यवतमाळ,
रविवार, दुपार

तीर्थरूप उज्ज्वला आत्यांना अर्पिताचा वाकून नमस्कार,

तुमची प्रकृती बरी असावी. शुगरची गोळी रोज घेता ना? मामाजींचा गुडघा आता वळत असेल आणि तुरीला शेंगा धरल्या असतील. (पत्रात वडीलधाऱ्यांना 'तुम्ही' लिहायचं हे तूच शिकवलंस, पण तीन ओळींपलीकडे ते मला पेलत नाही, माफ कर.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू 'मी बरी आहे, ठेवते' म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. मी मात्र बरी नाही. आत्या, माझ्यामुळे एका बाईची औषधं सुटली आहेत, आणि ती तुझ्या ओळखीची आहे.

मी आरोग्याच्या सर्वेक्षणाचं काम धरलं आहे हे तुला ठाऊक आहेच. औषधाच्या पाकिटावरचं लोकांना किती समजतं आणि डॉक्टरवर त्यांचा किती भरवसा आहे, हे चाळीस प्रश्न विचारून मोजायचं. भरवशाला एक ते पाच गुण. प्रशिक्षणात आमच्याकडून लिहून घेतलं की आम्ही सल्ला देणार नाही, कोणाचं उत्तर सुधारणार नाही आणि ते बरोबर की चूक हे चेहऱ्यावर दिसू देणार नाही. या शेवटच्या अटीसाठी मी आठवडाभर आरशासमोर बसले. चेहरा इतका कोरा जमला, की तुमच्या शेताला लागून असलेल्या तांड्यावर गेले तेव्हा बिजलीबाईंनी दारातच विचारलं, "काहून वं, घरी कोनी गेलं का?" (बिजलीबाई म्हणजे तुझा कापूस वेचायला येतात त्याच, तांड्याचे प्रमुख, नायक शंकरसिंग यांच्या आई. सारा तांडा त्यांना याडी, म्हणजे आई म्हणतो, म्हणून मीही म्हणते.)

याडींना बीपी आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरनी गोळीच्या पाकिटावर पेनाने सूर्य काढून दिला आहे. सूर्याची गोळी सकाळी. तीन वर्षांत त्यांची एक गोळी चुकलेली नाही. पण फॉर्मवर लिहिलं आहे 'पाकीट वाचून सांगा', आणि सूर्याला रकाना नाही. मी शून्य लिहिलं. (चेहरा अर्थातच कोरा होता.) मग डॉक्टरवर भरवसा किती, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "पुरा. त्याच्यात इचारायचं काय?" पाच लिहिले, चहा घेतला, आणि इथवर सगळं ठीक होतं.

पंधरा दिवसांनी आमच्या राजकुमार सरांनी तांड्यावरच्या त्याच बावीस घरी तेच प्रश्न घेऊन पुन्हा पाठवलं. म्हणे प्रश्नावली तपासण्याची हीच रीत आहे. उत्तरं तीच आली तर प्रश्न चांगले. आपण माणसं तपासत नाही, प्रश्न तपासतो, असं ते मला तीनदा म्हणाले. मी हे तांड्यावर सांगू शकत नव्हते, कारण तेही लेखी अटीत बसत नव्हतं.

आता तूच आठव. शाळेत जाण्याआधी ओसरीवर तू मला पाटी घेऊन बसवायचीस. सात नवे त्रेसष्ट हे मला पक्कं येत होतं. एकदा मी ते बरोबर म्हटलं, पण मिक्सरच्या आवाजात तुला ऐकू आलं नाही, म्हणून तू म्हणालीस, "पुन्हा सांग." मी लगेच एकसष्ट म्हटलं. मग पुन्हा विचारलंस तेव्हा सदुसष्ट. ज्या घरात मी हे शिकले त्या घरची मुलगी तांड्यावर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला गेली, आणि काय होईल हे तिला कळलं नाही!

पोरगी कागद घेऊन परत आली म्हणजे आपलं पहिलं उत्तर चुकलं, असं शंकरसिंगांनी चावडीवर सांगून टाकलं. बावीसच्या बावीस घरांनी उत्तरं बदलली. माझं मन दुखू नये म्हणून बदलली, आत्या. सुईला घाबरून डॉक्टरला 'एक' देणाऱ्या उकंडाभाऊंनी या वेळी 'पाच' दिले, आणि दिले म्हणून दुसऱ्याच दिवशी जाऊन दोन वर्षं दुखणारी दाढ काढून आले. याडींनी मधल्या काळात सून रंजिताकडून पाकिटावरचं सगळं पाठ करून घेतलं होतं. कंपनीच्या पत्त्यासकट म्हणून दाखवलं. पूर्ण गुण. आणि भरवसा? माझ्या कोऱ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "एक लिही." खाली अंगठा दिला आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली. भरवसा नाही असं कागदावर सांगायचं आणि गोळी त्याच डॉक्टरची खायची, हे त्यांना खोटेपणाचं वाटतं.

आज नववा दिवस. सिस्टर समजवायला गेल्या, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. शेवटी मी लेखी अट मोडली, जाऊन पाय धरले, म्हटलं याडी, गोळी घ्या. त्या म्हणाल्या, "तू लेकरू हायेस, माह्यावर जीव हाय मनून बोलतं. पन अंगठा देल्ला ना मी." डोकं दुखतं का विचारलं तर म्हणाल्या, थोडं. मी राजकुमार सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, काळजी करू नकोस, आपण हा तांडा वगळून टाकू, तक्ता स्वच्छ होईल. तक्ता झालासुद्धा स्वच्छ. मला जेवण जात नाही.

मामाजींना नमस्कार. चुकलंमाकलं पदरात घे.

तुझी,
अर्पिता

ता. क. खरं काम आता लिहिते. पत्र हाती पडताच तांड्यावर जाऊन याडींना भरवशाचा तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारशील का? त्यांना वाटेल, दुसरंही उत्तर चुकलं. कार्यालयाचा फॉर्म देता येत नाही (मोजलेले असतात), म्हणून पट्टीने रेघा आखून एका प्रश्नाचा कागद मीच केला आहे, सोबत ठेवला आहे. त्यांनी 'पाच' म्हटलं की अंगठा घे आणि पुन्हा काही विचारू नकोस. पाणी हवं का, एवढंसुद्धा नको.

ता. क. २. चेहरा कोरा ठेवायची गरज नाही. मला पाटी घेऊन बसवायचीस तेव्हाचा तुझा चेहरा पुरेल.

ता. क. ३. शुगरची गोळी रोज घेतेस ना? हे वर एकदा विचारलं आहे, आत्ता पत्र वाचताना लक्षात आलं. घेत असशील, तर हा प्रश्न मी विचारलाच नाही असं समज. घेत नसशील, तर दुसऱ्यांदा विचारते आहे.