सुयांची छत्री

९ मे
आलो एकदाचा मोशीत! बाविसावा मजला. वर फक्त गच्ची आणि माझं यंत्र, चारशे सुयांची स्टीलची छत्री. ती वीज पडूच देत नाही. माझ्या मालाखाली मीच बिऱ्हाड थाटतो, असं सोसायटीला छातीठोक सांगितलं. सेक्रेटरी मृदुलाताई इंजिनिअर. हसून म्हणाल्या, रंगराव, वीज टळते याला पुरावा काय? वीज झेलणारा जुना दांडा आणि ती जमिनीत नेणारी तांब्याची पट्टी राहू द्या. मी दोन्ही काढायला लावली, भंगारात घातली. सगळंच ठेवलं तर श्रेय कुणाचं, कसं कळणार?

१३ मे
दुपारी ढग आले आणि छत्री सी-सी करू लागली. चाकणला वेल्डर होतो तेव्हा नुसत्या आवाजावरून ठिणगी ओळखायचो. माझे कान फसत नाहीत. वीज पडली नदीपलीकडे. वॉचमन कोंडीरामला पेढे दिले. खात खात म्हणतो कसा, ईज गेली न्हाई सायेब, जागा बघून गेली.

१७ मे
आज समोरच्या नारळावर. मृदुलाताई म्हणाल्या, पट्टी परत बसवणार. म्हटलं, नारळ जळाला, इमारत उभी आहे, आणखी काय हवं? पण ढग पांगले तरी सी-सी थांबेना.

१८ मे
लख्ख ऊन. तरीही सी-सी. या खोलीतून त्या खोलीत, माझ्याबरोबर फिरते. कोंडीरामला वर बोलावून ऐकवलं. तो दोन पावलं मागं सरला. म्हणाला, सायेब, छतातनं न्हाई... तुमच्यातनं येतंय.

१९ मे
गेटच्या खांबावर पडली. कोंडीरामचा हात भाजला. चुकलो. मृदुलाताईंनी पट्टी गच्चीपर्यंत आणलीय, दांडा मिळेपर्यंत सगळ्यांना तळमजल्यावर बोलावलंय. मलाही. दोनशे घरं तिथं. हा आवाज घेऊन त्यांच्यात जाऊ? नाही जाणार.

२० मे, दुपार
गच्ची. ढग काळे. दांडा अजून नाही— पट्टीचं टोक मुठीत धरलंय. मृदुलाताई खालून हाका मारतायत.
छत्री गप्प. सी-सी फक्त माझ्या दातांत—
सुया वळतायत. सगळ्या. माझ्याकडे—
खाली बघायचं नाही, वीजबाई. ती लेकरं आहेत. इकडं बघ. हा रंगराव. ये—