मेणबत्ती हातात होती तेव्हा

औसा, गुरुवार, दिवेलागणीनंतर

आज आमच्या बायबल गटात चर्चच्या सिस्टरनं नवीनच रीत काढली. वाचन झालं की जिच्या हातात मेणबत्ती, तिनं गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी देवानं तिला काय वरदान दिलंय ते सांगायचं. माझी पाळी आली. मला वाटलं, गळा म्हणतील. रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला मीच गाते ना! गाण्याचं कुणी नावच काढलं नाही. मार्था मावशी म्हणाली, "हिला भांडाया येतंय. दवाखान्यात मला कुणी इचारत नव्हतं. ही आली, आवाज चढवला, अन् डॉक्टर उठून बाहेर आला." सगळ्या बायांनी माना डोलावल्या. वितळलेलं मेण बोटावर आलं, तरी मला बोलायची सोय नव्हती.

हे काय वरदान झालं? ह्याच रागाचं तर मी दर महिन्याला फादरपुढं कन्फेशन करते! मग इतकी वर्षं देवाकडं माफी कशाची मागत होते? की मावशीला नुसतं आपलं काम साधायचंय? बोट अजून चुरचुरतंय. परवा पुन्हा कन्फेशन. काय सांगू?

निघताना मावशीलाच विचारलं. माझ्या बोटाला खोबरेल लावत ती म्हणाली, "परवा फादरकडं सांच्याला जा. सकाळी माझ्यासंगं रेशनच्या दुकानात चल, लई दिवस झाले, मला रिकामी परत धाडायलाय त्यो दुकानदार. माफी काय, नंतर बी मागता येती."