ओल्या रस्त्याचं अक्षर

भाऊजी,

तुम्ही झोपला होतात म्हणून उठवलं नाही. धाकटीला शाळेत सोडून मी तशीच कामावर जाते.

काल पुलाचा उतार ओला होता आणि पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी न घसरता सरळ थांबली, टेम्पोपासून हातभर लांब. धाकटी मागे झोपली होती, तिला जागसुद्धा आली नाही.

टायर घेताना तुमचे दादा कडेवर सातशे आकडा कोरलेल्या टायरवर अडून बसले होते. तुम्ही दुकानातच उकिडवे बसून टायरच्या कडेवर बोट फिरवत म्हणालात, "हा आकडा टायर किती टिकेल ते सांगतो. ओल्यात गाडी थांबेल का, ते पुढच्या अक्षरावर बघायचं. शेवटचं अक्षर टायर तापल्यावर किती सोसेल त्याचं." आणि चारशे आकड्याचेच, पण 'डबल ए'वाले टायर घ्यायला लावलेत. तेव्हापासून तुम्हा दोघांचा अबोला. आज माझी लेक शाळेत जाते आहे ती तुमच्या त्या हट्टामुळे. आभार मानले तर तुम्ही चिडाल, म्हणून इथेच थांबते.

दादा तोंडाने काही बोलणार नाहीत. पण सकाळी खाली गाडीपाशी बसून, चष्मा पुसून पुसून टायरवरची अक्षरं वाचत होते.

जायचं म्हणून दाराशी भरून ठेवलेली तुमची बॅग शोधू नका. दादांनी ती गाडीच्या डिकीत कुलूपबंद केली आहे, आणि किल्ली खिशात घालून चालत ऑफिसला गेलेत.

वहिनी