चोवीस वेढ्यांची मोटर

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा मोटर वाइंडिंगचा, रिमोटच्या गाड्यांच्या शर्यती घेणाऱ्या आमच्या क्लबचा एकवीस वर्षे मोटर-तपासनीस, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. बुधवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बिघाड हृदयात आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला. माझ्या सोल्डरिंगचा धूर तिने नाक मुरडत का होईना, पण जन्मभर सोसला.

२. वाइंडिंगचे यंत्र व सर्व हत्यारे क्लबला. मात्र सेक्रेटरीने त्यांना हात लावू नये. माणूस चांगला आहे, पण स्क्रूचे आटे घालवतो.

३. वेढे मोजायचे भिंग माझ्या मुलीला, जिला घरीदारी सगळे चिमटी म्हणतात. हे कलम सविस्तर लिहिणे भाग आहे.

स्टॉक वर्गाचा नियम साधा आहे. सर्वांची मोटर सारखी, आत तारेचे सत्तावीस वेढे. वेढे कमी केले की मोटर जास्त पळते. ती चैन फक्त खुल्या वर्गात. नऊ वर्षांपूर्वी स्टॉकची अंतिम शर्यत चिमटीने जिंकली. जिंकणाऱ्याची मोटर उघडायची असते, ती मी सर्वांसमोर उघडली. चोवीस वेढे निघाले.

"बाबा, मी मोटरला हातसुद्धा लावलेला नाही. तुम्हीच बसवून दिलीत."

"मोजलेत मी. दोनदा," मी म्हणालो आणि तिला बाद केले. पोटच्या पोरीलाही सोडले नाही म्हणून लोकांनी माझी पाठ थोपटली. मला ते गोड लागले, हे कबूल करतो.

घरी येऊन ड्रॉवर उघडला, तर आत तिची मोटर. तिनेच लावलेला नेलपॉलिशचा लाल ठिपका, आत सत्तावीस वेढे. खुल्या वर्गासाठी गुंडाळलेली माझी मोटर मीच चुकून तिच्या गाडीत बसवली होती. तिथेच खरे सांगितले असते तरी ती बादच झाली असती, पण लबाड ठरली नसती. मी ड्रॉवर बंद केला.

तिने आधी शर्यती सोडल्या, मग घर. फोन मी उचलला तर "आईला द्या" एवढेच म्हणते.

४. वरील हकीकत ~~माझ्या मृत्यूनंतर~~ क्लबच्या तपासणीच्या टेबलाशी सर्वांसमोर मोठ्याने वाचावी.

इथवर साक्षीदारांना वाचून दाखवले. पहिले साक्षीदार घड्याळजी. चिमटी बाद झाल्यावर कप त्यांना मिळाला होता.

"नऊ वर्षं तो कप माझ्या कपाटावर आहे," ते म्हणाले. "आणि तू मरायची वाट बघणार? बुधवारी वाचलास तर पुन्हा गप्प बसशील. ओळखतो मी तुला."

मला राग आला.

दुसऱ्या साक्षीदार, खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई, पेन उघडून म्हणाल्या, "सही करू, की थांबू?"

मी त्यांना थांबवले. कलम चारमधील दोन शब्द मी स्वतः खोडले असून त्या जागी "येत्या रविवारी, मी स्वतः" असे वाचावे. माझ्या शस्त्रक्रियेसाठी चिमटी रविवारी सकाळच्या गाडीने येत आहे. आईनेच न्यायला यावे, असा तिचा निरोप आहे. स्टेशनवर मी जाणार आहे, लाल ठिपक्याची मोटर घेऊन. क्लब त्यानंतर.

ठिकाण: माझे कामाचे टेबल
दिनांक: रविवारच्या शर्यतीआधीचा शुक्रवार
सही: तपासनीस (खाडाखोडीवरही सही केली आहे)
साक्षीदार: १. घड्याळजी, कप परत करण्याच्या अटीवर २. नर्सबाई