खुर्ची सोडून घरी जाणारा

गुरुजी, उद्या गावात तलावाचं पाणी वाटणाऱ्या समितीच्या अध्यक्षाची निवडणूक आहे आणि मी तुमच्या मुलाविरुद्ध फॉर्म भरला आहे. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. जिवंत होता तोवर ती खुर्ची तुमचीच होती, दर वेळी बिनविरोध, तुमच्यानंतर तशीच मुलाकडे गेली, आणि ती वारशानं जाते असं गाव धरून चाललं आहे. परवा पानठेल्यावर एकानं ऐकवलं, "गुरुजीच्या पोरासमोर उभा राहून राह्यला का बे? तुले दोन अक्षरं त्यायनंच शिकवली." मी म्हटलं, तेच तर वापरून राहिलो.

सातवीचा वर्ग आठवतो. तुम्ही अमेरिका शिकवताय. इंग्रजांना हरवणारा सेनापती पहिला राष्ट्राध्यक्ष होतो, दोन्ही वेळा एकमतानं. तिसऱ्यांदाही लोकांनी बसवला असता, पण तो खुर्ची सोडून आपल्या शेतावर जातो. त्याच्यानंतरचा निवडणूक हरतो, नव्याच्या शपथेलाही थांबत नाही, रुसून पहाटेच निघतो. पण निघतो. हे "पण निघतो" तुम्ही दोनदा म्हटलं होतं. त्या शेतावर गुलाम राबायचे हे तुम्ही सांगितलं नाही, ते मला पुढं मोबाईलवर कळलं. नागझिऱ्याच्या जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवायचो तेव्हा एका अमेरिकन पाहुण्याला मी हे सगळं विचारलं होतं. त्याला काही पत्ता नव्हता, तो अस्वल शोधून राहिला होता. तर, वर्गात मी हात वर केला. "गुरुजी, मग तुम्ही काऊन नाही सोडत?" तुम्ही डस्टर खाली ठेवलं. "मी सोडली तं पाणी कोण वाटन? तुहा बाप?" सगळे हसले. माझ्या बापाची बांधी, धानाचा तुकडा, तलावापासून सगळ्यात शेवटची, पाणी पोचेस्तोवर धान पिवळं पडायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी दप्तर उचललं तो शाळेत परत आलोच नाही. पुढं कामासाठी गावोगाव फिरलो, कुठंच दोन वर्षं टिकलो नाही.

तुम्ही चोर नव्हता, हे मी उद्याही सांगीन. पण तुमच्यासमोर हात वर करायची गावाला लाज वाटायची, आणि त्या लाजेला तुम्ही एकमत म्हणत राहिलात. मी फॉर्म मागे घेणार नाही. माझं एकट्याचं मत पडलं तरी ते मोजायला लावीन.

हे पत्र टाकायचं कुठं, खिशातच राहील. एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. हरायची भीती वाटत नाही. जिंकलो तर पाच वर्षं एकाच गावात राहावं लागेल, आणि ते मला जमेल असं अजून तरी वाटत नाही.